कुंभारणीचं घर, चौथा प्रयत्न

तिसरं भांडंही गेलं. पोट संपून मान सुरू होते तिथेच, गोल फिरून तडा. उजेडाला धरल्यावर केसाएवढी रेघ दिसली. फोडून पाण्याच्या बादलीत टाकलं. कच्चं होतं, निदान माती तरी परत मिळेल.

मागचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जूनच्या शेवटी गॅलरीतल्या खिडकीच्या चौकटीला कुंभारीण माशीने घर बांधलं. बोराएवढं. फुगीर पोट, आखूड मान, बाहेर वळलेला ओठ. चाक नाही, साचा नाही. तेच मला वीतभर उंच करायचंय, लाल मातीत, वळ्या लावून.

आत पिल्लाच्या खाण्यासाठी अळ्या भरून झाल्या की ती तोंड लिंपून टाकते. त्याआधी काढलेला फोटो मोठा करून पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं की मी नक्कल जरा जास्तच इमानाने करत होते. ती पोटातून पाणी आणते, कोरड्या मातीवर सोडून गोळी मळते आणि आधीच्या वाळलेल्या कडेवर थापते. तिला चालतं, कारण भिंत अगदी पातळ आणि भाजायची तर नसतेच. मी मात्र 8 मिलिमीटर जाड, वाळत आलेल्या कडेवर ओली वळी बसवत होते. खालची माती आकसून बसलेली, वरची आकसायची बाकी. दोघींच्या ओढाताणीत सांधा सुटणारच. याच मातीच्या पट्टीवर 10 सेंटीमीटरची रेघ मारून ठेवली होती, ती नुसती वाळून 9.4 वर आली.

म्हणून या खेपेला मातीत ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा घातला, साधारण पाचवा हिस्सा. फुटक्या कुंड्या खलबत्त्यात कुटल्या आणि चहाच्या जुन्या गाळणीने चाळल्या. तोंडाला मास्क लावून, ही धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. आपल्याकडचे कुंभार घोड्याची लीद घालतात, पण ती आणायला घरातून परवानगी नाही.

दिवसाला दोनच वळ्या. मधल्या वेळात कडेवर ओल्या फडक्याची पट्टी. मानेच्या सांध्यावर काट्याने आडवेतिडवे ओरखडे, त्यात मातीची राबडी, मग वळी. आतून बोट पोचेना, तिथे आइस्क्रीमची काडी ओली करून माती खालून वर ओढली. ओठ मात्र एकाच बैठकीत केला, अंगठा आत, तर्जनी बाहेर, आणि ताट हळूहळू फिरवत. थोडा तिरका आलाय. तिचाही तिरकाच आहे.

बारा दिवस प्लास्टिकखाली वाळवलं. पुण्यातला ऑगस्ट, दुसरं काय करणार! रोज गालाला लावून बघायचे. गार लागलं की अजून ओल आहे. परवा पहिल्यांदा गार लागलं नाही.

रविवारी मैत्रिणीच्या भट्टीत जाईल. रात्रभर 100 अंशांच्या आत ठेवायचं. भांडं फुटतं ते अडकलेल्या हवेने नाही, उरलेल्या ओलीची वाफ झाल्याने. पुढे 573 च्या आसपास सावकाश, तिथे मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज एकदम फुगतं. शेवट 1000 ला.

काल खिडकीतल्या घराला भोक दिसलं, पिल्लू बाहेर पडलंय. भोक तोंडाला नाही, कुशीला. माझ्या भांड्याला ते हवंच होतं, पण कोरड्या मातीला ड्रिल लावायची हिंमत नाही. पाचव्याला बघू.