हेस्टर बॉस्टन सोडून का गेली नाही?

‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीचा विषय काढला की मला हा प्रश्न हमखास येतो. तिची नायिका हेस्टर प्रिन हिला गावात राहायची सक्ती नव्हती. तुरुंगातून सुटल्यावर ती जगात कुठेही जाऊ शकली असती. मग जिथे रस्त्यावरची पोरंसुद्धा ओरडत मागे लागायची, तिथेच ती का राहिली? मुकाट्याने सोसण्यात ताकद कसली?

मुकाट्याने सोसलं, हेच मला मान्य नाही.

नथॅनिएल हॉथॉर्नची ही कादंबरी 1850 सालची, गोष्ट मात्र त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या, प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या बॉस्टनमधली. तिथे व्यभिचाराला कायद्याने मृत्युदंड होता. हेस्टरवर म्हणे दया केली: तान्ही मुलगी कडेवर घेऊन तीन तास भर बाजारात चौथऱ्यावर उभं राहायचं आणि जन्मभर छातीवर लाल ‘ए’ हे अक्षर वागवायचं, ‘अॅडल्टरी’ म्हणजे व्यभिचार यातलं. तुरुंगाच्या दाराशी जमलेल्या बायकांना तेही कमीच वाटतं. हिच्या कपाळावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायला हवा होता, असं एकीचं म्हणणं. हेस्टर येते ती धरून आणणाऱ्या शिपायाचा हात बाजूला सारून, स्वतःहून उंबरठ्याबाहेर. आणि छातीवरचं अक्षर तिने स्वतः सोनेरी धाग्याने असं भरलेलं असतं की बघणारे थक्क होतात.

मुलीच्या बापाचं नाव सांग, तर कदाचित अक्षर उतरेल, असं आमिष तिथेच दाखवलं जातं. ती साफ नकार देते. तिला नाव विचारणारा पाद्री डिम्सडेल हाच तो बाप, हे लक्षात ठेवून तो प्रसंग पुन्हा वाचा.

ती राहिली याची कारणं लेखकच देतो: पाप जिथे घडलं तिथेच प्रायश्चित्त, आणि तिने स्वतःशीही धड कबूल न केलेलं दुसरं, तो माणूस तिथे होता. पण मला तिची सुई फार महत्त्वाची वाटते. गावाबाहेर, समुद्राकाठच्या झोपडीत ती शिवणकामावर पोट भरते. अधिकाऱ्यांचे पोशाख, बाळांची टोपडी, मेलेल्यांची कफनं, सगळं तिच्या हातचं. फक्त नवरीच्या ओढणीचं काम तिला कुणी देत नाही.

तिच्या मुलीला, पर्लला, तिच्यापासून काढून घ्यायचं घाटतं, तेव्हा ती गव्हर्नर बेलिंगहॅमच्या घरी जाते. हातात त्यानेच भरायला दिलेले हातमोजे असतात. ही मुलगी मला देवाने दिली आहे, जीव गेला तरी देणार नाही, असं ती त्या बड्या मंडळींना तोंडावर सांगते. मग वळते डिम्सडेलकडे: तुम्ही माझ्या बाजूने बोला! आणि त्याला बोलावं लागतं. अख्ख्या कादंबरीत मला ती सर्वांत उंच दिसते ती इथे. स्वतःसाठी तिने कधी पदर पसरला नाही, पण लेकीसाठी आवाज चढवला.

आणि ती गेली नाही असंही नाही. डिम्सडेलच्या मृत्यूनंतर ती पर्लला घेऊन परदेशी जाते. काही वर्षांनी एकटी परत येते आणि कुणी सांगितलेलं नसताना ते अक्षर पुन्हा लावते. पुढे त्याच गावातल्या दुखावलेल्या, एकट्या पडलेल्या बायका तिच्या झोपडीत सल्ला मागायला येऊ लागतात. स्त्री-पुरुषांचं नातं कधीतरी अधिक भक्कम पायावर उभं राहील, असं ती त्यांना सांगते. बॉस्टनमध्ये हे बोलायला त्या बायकांना तिच्याशिवाय दुसरं कोण होतं?