नऊ इंची कॉलम आणि अप्पांचं सूत

बेळगावच्या वडगावातलं आमचं जुनं कौलारू घर पाडून तळमजला अधिक दोन मजले बांधायचे ठरले. खाली अप्पांचे चार माग आणि सुताचा साठा, वर आम्ही दोघे भाऊ. नकाशा काढताना एकाने सल्ला दिला, "तळमजला पार्किंग म्हणून दाखवा, सगळं घरगुती धरलं जाईल."

आमचे इंजिनियर ते ऐकेनात. तेव्हा मला जरा राग आला होता, पण त्यांनी समोर बसवून समजावलं. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर किंवा त्याहून जास्त उंचीची इमारत बहुमजली धरतात. त्याखालच्या घरांना आगीच्या नियमांत बरीच मोकळीक असते, कारण माणसं जिन्याने लवकर खाली येतात आणि अग्निशमन दलाची शिडीही पोहोचते. राहत्या घराला एक मीटर रुंद जिना चालतो. पण ही मोकळीक राहत्या घरासाठी आहे, सुताच्या गोदामासाठी नाही. एकाच इमारतीत दोन वापर असले आणि मध्ये आग अडवणारी भिंत नसली, तर जास्त धोक्याच्या वापराचे नियम सगळ्या इमारतीला लागतात.

मग त्यांनी आयएस ४५६, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकातला तक्ता दाखवला. चारी बाजूंनी उघडा काँक्रीटचा कॉलम एक तास आगीत टिकायला किमान २०० मिलिमीटर लागतो, दोन तासांसाठी ३००. आमचे कॉलम नऊ इंची, म्हणजे २३० चे. घराला पुरतील, पण सूत भरलेल्या खोलीवर दोन कुटुंबं झोपवायला नाहीत.

अप्पा काही बोलले नाहीत. जुन्या घराच्या तुळईवर तळहाताएवढा काळा डाग होता, मागाच्या मोटारीच्या स्टार्टरची ठिणगी रुईवर पडली होती तेव्हाचा. रुई पेटली की भिंतीवरून सरसर वर धावते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "माग परसात नेऊया की."

परसात वेगळी शेड, मध्ये मोकळी जागा, घर निव्वळ राहण्याचं, असा नकाशा नव्याने काढला. कागद कन्नडमध्ये, ते माझ्या पुतणीने लिहिले. एकदा फाइल परत आली, कारण शेडचा वापर लिहायचा राहून गेला होता. तो लिहिल्यावर परवानगी मिळाली. खरं लिहिल्यामुळे काम लांबलं, पण अडलं नाही. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण आमच्या भागात निम्म्या घरांत खाली माग आणि वर पाळणा आहे.

कॉलम भरायच्या दिवशी, सळई झाकणारा काँक्रीटचा थर पुरेसा राहावा म्हणून गवंडी सळईमागे विटेचे तुकडे अडकवत होता. अप्पांनी ते काढायला लावले, ४० मिलिमीटरचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक आणवले आणि नातवाची फुटपट्टी घेऊन प्रत्येक सळई ते सेंट्रिंगची फळी हे अंतर मोजलं. दोन ठिकाणी कमी भरलं. तिथलं लोखंड सरकवून घेतलं, मगच मिक्सर सुरू झाला.