पांढऱ्या रश्श्याच्या गावात फो

अळणी म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तांबडा असो की पांढरा, सुरुवात मटण शिजवलेल्या त्या पाण्यापासूनच होते. व्हिएतनामचा फो हासुद्धा अळणीचाच पदार्थ. आपण अळणीत नारळाचं दूध, तीळ, खसखस घालून पांढरा करतो. फोमध्ये तीच अळणी गाळून, चवीला आणून, तांदळाच्या चपट्या नूडल्सवर ओततात. वर फोडणी नाही, वाटण नाही, कट नाही. म्हणून अळणी बिघडली तर ती झाकायला काहीच हाताशी नसतं.

उच्चार खरं तर ‘फऽ’ असा, शेवटी आवाज किंचित वर नेत, प्रश्न विचारल्यासारखा. पण आपल्याकडे ‘फो’ रुळलाय, तर तोच लिहितो.

फो जन्मला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह या भागात. मूळचा गोमांसाचा, कोंबडीचा फो नंतर आला. १९५४मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेला गेले आणि फो त्यांच्याबरोबर सायगॉनला पोहोचला. तिथे त्यात मुगाचे मोड, तुळशीच्या जातीची पानं, सोयाबीनचा गोडसर होइसिन सॉस आणि जास्तीची साखर आली. हनोईचा फो अजूनही साधा असतो: कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची, लसणाचा व्हिनेगर. पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला हनोईची पद्धत लवकर पटेल असं वाटतं, म्हणून इथे कोंबडीचा, उत्तरेकडचा फो घेतलाय.

सहा वाट्यांसाठी दीड किलोची अख्खी कोंबडी आणि अर्धा किलो पाय व माना लागतात. दुकानदाराला आधीच बजावून सांगा की कातडी काढायची नाही. आपल्याकडे न विचारताच सोलून देतात, आणि फोवर तरंगणारे ते सोनेरी तेलाचे थेंब कातडीतूनच येतात. पायांनी अळणीला अंग येतं. ते नसतील तर रस्सा पाणचट लागतो, मसाला कितीही घाला. गावरान मिळाली तर उत्तमच, पण ती शिजायला दीड तास किंवा जास्तही घेईल. ब्रॉयलर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत होते.

पायांची नखं छाटा, पाय आणि माना ५ मिनिटं उकळत्या पाण्यात घालून ते पाणी फेकून द्या, मग गार पाण्याखाली चोळून धुवा. कोंबडी मीठ लावून चोळून धुवायची. आता सगळं मोठ्या पातेल्यात, वर ४ लिटर गार पाणी. हळद नको, आलं-लसणाचं वाटण नको. उकळी फुटायच्या बेताला वर फेस येतो, तो गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तसा चिकाटीनं काढत राहायचा. त्यानंतर आच इतकी मंद की कडेनं एखाददुसरा बुडबुडा यावा. झाकण पूर्ण लावू नका आणि ढवळू नका.

बहुतेकांचा फो इथेच बिघडतो. खळखळ उकळलं की चरबीचे बारीक कण पाण्यात मिसळून जातात आणि रस्सा दुधट होतो. पांढऱ्याला ते चालून जातं, फोला नाही. कुकरचंही तेच. शिटी झाली की आतला दाब एकदम सुटतो आणि पाणी जोरात उसळतं. कुकर वापरायचाच असेल तर तो फक्त हाडांसाठी: दाब धरल्यावर आच अगदी बारीक करून शिटी होऊ न देता ४० मिनिटं, आणि मग आपोआप गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

कोंबडी शिजली की मांडीत सुरी टोचून बघा. पाणी स्वच्छ आलं तर बाहेर काढून १० मिनिटं गार पाण्यात बुडवा. कातडी घट्ट होते आणि मांस काळं पडत नाही. मांस सोडवून झाकून ठेवा, हाडं परत पातेल्यात. अजून दीड-दोन तास.

कोंबडी शिजतेय तोवर ५० ग्रॅम आलं आणि दोन कांदे सालीसकट गॅसच्या जाळीवर भाजा. वाटणासाठी कांदा भाजतो तसाच, बाहेरून काळा होईपर्यंत. नंतर काळी साल पूर्ण खरवडून धुवायची, नाहीतर कडवटपणा उतरतो. हे हाडांबरोबरच घाला.

मसाल्यात आपला हात सैल सुटतो, तिथे सावरायला हवं. एक मोठा चमचा धणे, २ चक्रीफुलं, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा, २ लवंगा. बस. कोरडे भाजून पुरचुंडीत बांधा आणि शेवटच्या अर्ध्या तासातच सोडा. तीन तास ठेवलात तर रस्सा काढ्यासारखा लागेल. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात मिळणारं चक्रीफूल ताजं असेल तर एकसुद्धा पुरतं. गोडीसाठी २० ग्रॅम खडीसाखर. आपला गूळ कितीही चांगला असला तरी इथे नको, रंग आणि वास दोन्ही बदलतात.

गाळल्यावर साधारण पावणेतीन लिटर उरायला हवं. कमी पडलं तर उकळतं पाणी घाला. मग ३ मोठे चमचे फिश सॉस आणि ३ लहान चमचे मीठ, पुढे चाखत. फिश सॉस म्हणजे मीठ लावून कित्येक महिने मुरवलेल्या छोट्या माशांचा अर्क. बाटलीत वास उग्र, रश्श्यात मात्र नुसती खोली जाणवते. त्याऐवजी सोया सॉस घालू नका, मीठच वाढवा. नुसता चाखताना रस्सा थोडा खारट वाटला पाहिजे, कारण नूडल्समध्ये मीठ नसतं.

नूडल्स तांदळाच्या, चपट्या, ३ ते ५ मिलिमीटर रुंद. हक्का नूडल्स गव्हाच्या, आणि शेवयांसारख्या बारीक गोल नूडल्सचा पदार्थ वेगळा. माणशी ६० ग्रॅम कोरड्या, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून. गरम पाण्यात भिजवल्या की बाहेरून गिच्च आणि आतून कच्च्या राहतात. वाढायच्या वेळी एकेका वाटीपुरत्या गाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात १५-२० सेकंद धरा आणि चांगल्या झटका, राहिलेलं पाणी रस्सा फिका करतं.

वाटी गरम पाण्यानं तापवून घ्या. नूडल्स, मांस, पात, कोथिंबीर, आणि त्यावर उकळता रस्सा, माणशी साडेचारशे मिली. हनोईत कोंबडीच्या फोवर लिंबाच्या झाडाची कोवळी पानं केसासारखी चिरून घालतात. परसात कागदी लिंबू असेल तर करून बघाच, त्या वासानं सगळी वाटी बदलते. दक्षिणेची पद्धत आवडत असेल तर सब्ज्याच्या रोपाची पानं घ्या. देवापुढची तुळस फार तिखट पडते. लवंगी मिरची मात्र इथे अगदी घरच्यासारखी बसते, पातळ चकत्या, दोन-तीनच. लसूण-मिरचीच्या चकत्या व्हिनेगरमध्ये तासभर आधी घालून ठेवल्या तर टेबलावर आणखी काही लागत नाही.

पहिले दोन घोट लिंबू पिळण्याआधी घ्या. मग उजव्या हातात काड्या, डाव्यात चमचा, आणि गप्पा नंतर. पाच-सात मिनिटांत नूडल्स फुगायला लागतात.

हॉटेलात मागवताना रस्सा कशाचा आहे ते विचारा. कॉर्नफ्लोरनं दाटवलेला किंवा सोया सॉसनं तपकिरी झालेला असेल तर ते दुसरं काहीतरी सूप आहे. पार्सल असेल तर नूडल्स आणि रस्सा वेगळे बांधायला सांगा.

सोमवारी, गुरुवारी किंवा श्रावणात भाज्यांचा फो करता येतो, व्हिएतनामी बौद्ध घरांतही होतो. मुळा, गाजर, कोबी, दाणे काढलेली मक्याची कणसं आणि सुके मशरूम, तासभर मंद आचेवर. मुळा जास्त घ्या, गोडी त्याचीच. भाजलेला कांदा, आलं आणि मसाला तोच, फिश सॉसऐवजी मीठ.

उरलेला रस्सा नूडल्सशिवाय फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. सकाळी तो जेलीसारखा थलथलीत घट्ट झालेला दिसला तर पाय आणि हाडं पुरेशी पडली होती. पाण्यासारखा पातळच राहिला, तर पुढच्या वेळी पाय वाढवा.