तणातला पतंग

जुलैतली लख्ख दुपार. केंब्रिजशायरमधल्या एका गावरस्त्याने भूमिगत केबल जाणार होती आणि त्याआधी कडेची झाडंझुडपं, किडेमुंग्या नोंदवायचं काम माझ्याकडे होतं. पगारी उन्हात भटकंती, असं आमची आई म्हणते.

ब्लॅक होअरहाउंड हे रानझुडूप दिसण्याआधी त्याचा वास येतो. बुरसट, कुबट. कूळ मात्र तुळशीचं : चौकोनी खोड, समोरासमोर पानं. पेरापेराला फुलांचे गोल झुबके, आपल्या दीपमाळेसारखे, फक्त जांभळट. त्यातल्या एकावर काहीतरी चमकलं.

नेमोफोरा फॅसिएला हा पतंग! सगळा जीव नखाएवढा. तांब्यासारखे झळाळते पंख, मधोमध गडद जांभळा आडवा पट्टा. मिशांचा बुडाकडचा भाग काळ्या खवल्यांनी जाड झालेला, म्हणजे मादी. पतंग असूनही ही जात उन्हात उडते. ब्रिटनमध्ये दुर्मीळ, आढळते ती मुख्यतः आग्नेय इंग्लंडमध्ये, तीही होअरहाउंड असेल तिथेच.

एवढ्यात कुत्रा घेऊन एक आजोबा आले. "हे रान कापत का नाहीत म्हणून मी परवाच तक्रार केलीय," म्हणाले. मी भिंग त्यांच्या हाती दिलं. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हे असल्या घाणीत राहतं?"

"याच घाणीत राहतं."

अळी आधी फुलाच्या पेल्यातलं कोवळं बी खाते, मग पानांच्या तुकड्यांची पिशवी करून ती अंगावर वागवत जमिनीवर उतरते आणि बुडाची पानं खाते. भर उन्हाळ्यात यंत्र फिरलं की बियांबरोबर पुढची पिढीही जाते.

"म्हणजे कधीच कापायचं नाही?"

तसंही नाही. वर्षानुवर्षं हात लावला नाही, तर दाट गवत आणि काटेरी झुडपं होअरहाउंडला गिळून टाकतात. 'निसर्गाला त्याच्यावर सोडा' म्हणणाऱ्यांशी माझं इथे नेहमी वाजतं. अहवालात मी लिहिलं : केबल समोरच्या बाजूने न्यावी, इकडची निम्मी पट्टी यंदा कापावी, निम्मी पुढल्या वर्षी, पातं उंच ठेवून.

आजोबांना हे पटलं, पण घासाघीस सुटेना. "वळणावरचं तरी कापा. समोरची गाडी दिसत नाही."

वळणावर होअरहाउंड नव्हतंच. खुशाल कापा, म्हटलं.