एक काटापट्टी आणि अडतीस हजार ओळींचा लॉग

काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, हातात धरून काकाजी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या ऑफिससमोर उभे होते. "बाबू, ओल दहा पॉइंट चार सांगतली ना तुमच्या मशीननं? मंग तीन टक्के काहून कापले?"

२३ क्विंटल ६० किलो कापूस, ओलावा १०.४ टक्के. आठ टक्क्यांच्या वर जेवढा ओलावा तेवढे टक्के कपात, हा त्या जिनिंगचा नियम फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलेला होता. त्या हिशोबानं २.४ टक्के, म्हणजे ५६ किलो ६४० ग्रॅम कपात व्हायला हवी होती. पट्टीवर छापून आली होती ७० किलो ८०० ग्रॅम. चौदा किलोंचा फरक. क्विंटलला सात हजारांचा भाव धरला तर जवळजवळ हजार रुपये.

ती पट्टी छापणारा प्रोग्राम मी आणि माझ्या नागपूरच्या मित्रानं लिहिलेला. मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी राहून काम करतो, तो तिकडून. प्रोग्राम जावा या भाषेत आहे, कोडपासून चालता प्रोग्राम बांधायचं काम मेव्हन हे साधन करतं आणि कोड पाठवला की दूरच्या एका लिनक्स सर्व्हरवर सगळ्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, आपोआप चालतात. हिरवी खूण आली की नवी आवृत्ती जिनिंगच्या कॉम्प्युटरवर जाते. दोन दिवसांआधी अशीच हिरवी खूण आली होती. त्या दोन दिवसांत ३१ पट्ट्या चुकीच्या छापल्या गेल्या. त्या सगळ्या शोधून फरकाचे पैसे परत करायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात मला नीट झोप आली नाही. आमच्या घरीही कापूसच पिकतो. हजार रुपये म्हणजे वेचणीवाल्या बायांची किती मजुरी, हे मला सांगावं लागत नाही.

चूक सापडायला पाच मिनिटं लागली. मित्रानं कपातीची टक्केवारी काढताना वरचा पूर्णांक धरणारी एक ओळ घातली होती, त्यामुळे २.४ चे ३ झाले. मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. नेमक्या याच गोष्टीसाठी मी टेस्ट लिहिलेली होती. ओलावा १०.४, अपेक्षित कपात २.४. घरी लॅपटॉपवर ती चालवली तर लगेच नापास झाली. मग सर्व्हरवर हिरवं कसं आलं?

लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय काय घडलं त्याची नोंद, उघडायला बसलो. संध्याकाळची वेळ, लाइन गेलेली, मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडलेला. ते पान काही उघडेना. शेवटी स्लॅबवर जाऊन बसलो, तिथे नेट जरा बरं येतं, आणि पूर्ण लॉगची फाइल उतरवून घेतली. अडतीस हजार ओळी. डेटाबेसला विचारलेला प्रत्येक प्रश्न, लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, उतरवताना दर सेकंदाला छापलेली टक्केवारी, प्रत्येक टेस्टनं स्वतःहून छापलेली बडबड. आणि त्या ढिगाच्या तळाशी, स्वच्छ अक्षरांत: बिल्ड फेल्युअर, बांधणी नापास.

म्हणजे मेव्हननं सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं. एवढा लॉग रोज कोण वाचणार? आम्ही दोघंही फक्त खुणेचा रंग बघत होतो.

रंग खोटा का होता, ते कळायला मात्र रात्र गेली. मेव्हनमध्ये टेस्ट नापास झाली तरी पुढे जा, असं सांगणारी एक सेटिंग असते. मित्रानं ती लावली असेल अशी शंका आधी आली. त्याला फोन केला, त्यानं शोधलं, तशी सेटिंग कुठेच नव्हती. दोष माझ्या एका ओळीत होता. महिन्याभराआधी लॉग फाइलमध्येही साठावा म्हणून मेव्हनच्या कमांडपुढे उभी रेघ मारून 'टी' ही कमांड जोडली होती. 'टी' आलेला मजकूर पडद्यावरही दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते. काम सोयीचं. पण लिनक्समध्ये प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवून जाते, शून्य म्हणजे सगळं ठीक. मेव्हननं नापास टेस्ट बघून एक हा आकडा ठेवला. 'टी'नं आपलं काम नीट केलं म्हणून तिनं शून्य ठेवला. आणि या कमांड चालवणारं बॅश शेल अशा साखळीत शेवटच्या कमांडचा आकडाच धरतं. मेव्हनचा एक तिथेच हरवला.

उपाय एका ओळीचा आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट', मग वजा-ओ आणि 'पाइपफेल' लिहायचं. मग साखळीतली कोणतीही कमांड नापास झाली की सगळी साखळी नापास. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये मेव्हन किंवा ग्रेडल या तशाच साधनापुढे उभी रेघ आहे, त्यांनी आजच एक टेस्ट मुद्दाम मोडून पाहावी आणि खूण खरंच लाल होते का ते बघावं. मी ते महिन्याभरापूर्वी केलं असतं तर काकाजींना जिनिंगच्या दारात उभं राहावं लागलं नसतं.

हे झाल्यावर मी ठरवलं की कन्सोल, म्हणजे पडद्यावर छापला जाणारा मजकूर, फक्त वाचण्यापुरता ठेवायचा. लायब्ररी उतरवतानाची टक्केवारी बंद करायला मेव्हनच्या ३.६.१ आवृत्तीपासून 'नो-ट्रान्सफर-प्रोग्रेस' हा पर्याय आहे, तो लावला. मेव्हनला जोडलेलं, टेस्ट चालवणारं शुअरफायर प्लगइन टेस्टची बडबड वेगळ्या फाइलमध्ये वळवू शकतं. त्या सेटिंगचं नाव 'रिडायरेक्ट-टेस्ट-आउटपुट-टू-फाइल'. ती चालू केली की प्रत्येक टेस्ट क्लासचं, म्हणजे टेस्टच्या एकेका गटाचं, छापलेलं सगळं 'टार्गेट'च्या आतल्या 'शुअरफायर-रिपोर्ट्स' फोल्डरमध्ये त्या क्लासच्या नावानं जाऊन पडतं. काहीच हरवत नाही, फक्त जागा बदलते. डेटाबेसचे प्रश्न छापणं टेस्टमध्ये बंद केलं. अडतीस हजारांचा लॉग चारशे ओळींच्या आत आला आणि नापास टेस्टचं नाव शेवटच्या वीस ओळींत दिसू लागलं.

त्याच फोल्डरमध्ये प्रत्येक क्लासच्या दोन रिपोर्ट फाइली असतात. एक्सएमएल असते ती यंत्रासाठी, साधी मजकुराची असते ती माणसासाठी. मी मजकुराचीच वाचतो. किती चालल्या, किती पडल्या, कुठे पडल्या, एवढंच तिच्यात असतं आणि फोनवरही ती सहज उघडते. मात्र तिथेही एक अडचण आली. चूक कुठून आली याची साखळी अर्धवट छापली जात होती. आमच्याकडे शुअरफायरची २.२२.२ आवृत्ती होती, आणि ती सांगितलं नाही तर ही साखळी छाटते, टेस्टच्या क्लासपुरत्याच ओळी ठेवते. मूळ कारण खालच्या ओळींत असतं, तेच गायब. 'ट्रिम-स्टॅक-ट्रेस' ही सेटिंग बंद केली तेव्हा पूर्ण साखळी दिसली. पुढे ३.० मध्ये त्यांनीच ही छाटणी मूळ सेटिंगमधून काढून टाकली, ते मला फार योग्य वाटतं.

रिपोर्ट घरी आणायचे तर ते सर्व्हरवरून बाहेर यायला हवेत. तशी एक पायरी आमच्या स्क्रिप्टमध्ये होती, टेस्टच्या पायरीनंतर. पण टेस्टची पायरी नापास झाली की पुढच्या पायऱ्या चालतच नाहीत. रिपोर्ट लागतात ते टेस्ट पडल्यावर, आणि नेमके तेव्हाच ते बाहेर येत नव्हते. त्या पायरीला 'नेहमी चालव' अशी अट घातली. आता टेस्ट पडो की पास होवो, फक्त रिपोर्टच्या फोल्डरची छोटी झिप तयार होते आणि आमच्या गावच्या नेटवरही ती काही सेकंदांत उतरते.

सगळ्यात जास्त दमवलं ते काट्यानं. वजनकाट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टनं कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि त्याच्याशी बोलायला आम्ही एक लायब्ररी वापरतो. तिचा खालचा भाग सी भाषेत आहे. काट्याच्या टेस्ट चालल्या की मध्येच एक पिवळा इशारा येई. वेगळ्या उभ्या केलेल्या जेव्हीएममध्ये, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, कोणीतरी थेट स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे मजकूर बाहेर छापायच्या ठरलेल्या वाटेवर, लिहून ते बिघडवलं आहे, असा त्याचा अर्थ. सोबत रिपोर्टच्या फोल्डरमध्ये 'डंपस्ट्रीम' शेपटीची फाइल. कधी दोन ओळी, कधी दोनशे. टेस्ट पास होत होत्या म्हणून मी बरेच दिवस तिकडे दुर्लक्ष केलं. काटापट्टीच्या प्रकरणानंतर कोणताही इशारा तसाच सोडायची माझी तयारी नव्हती.

आत काय चालतं ते समजून घेतलं तेव्हा कोडं सुटलं. शुअरफायर टेस्ट मेव्हनच्या पोटात चालवत नाही, त्यासाठी वेगळी जेव्हीएम उभी करतं. ती जेव्हीएम मेव्हनला निरोप पाठवते: ही टेस्ट सुरू झाली, ही संपली, ही पडली. हे निरोप जातात त्याच स्टँडर्ड आउटपुटच्या वाटेनं. जावातून काही छापलं तर शुअरफायर ते मधेच पकडून नीट पाकिटात घालून पाठवतं. पण सी भाषेतल्या कोडनं छापलेलं जावाला दिसतच नाही. ते थेट वाटेवर येऊन पडतं आणि निरोपांमध्ये मिसळतं. एकाच पाटातून दोन शेतांचं पाणी सोडल्यासारखं. मेव्हनला समजलं नाही ते डंपस्ट्रीममध्ये जातं.

आधी लायब्ररीची बडबड बंद करता येते का ते पाहिलं. थोडी झाली, पूर्ण नाही. मग कळलं की ३.०.०-एम५ या आवृत्तीपासून शुअरफायरला निरोपांसाठी वेगळी वाट देता येते. सेटिंगमध्ये 'फोर्क-नोड' म्हणून टीसीपीचा मार्ग निवडायचा, मग निरोप त्याच यंत्रातल्या नेटवर्क सॉकेटवरून जातात आणि स्टँडर्ड आउटपुटवर कुणी काहीही लिहिलं तरी गोंधळ होत नाही. प्लगइन वाढवलं, सेटिंग घातली, इशारा गेला. त्या रात्री मित्राला फोन करून नुसतं "गेला" म्हटलं, त्याला समजलं.

राहिली प्रश्नचिन्हं. आमच्या पट्टीवरचा मजकूर मराठीत आहे, टेस्टही मराठी शब्द तपासतात. मित्राच्या विंडोज कॉम्प्युटरवर टेस्ट पडली की जिथे 'ओलावा कपात' दिसायला हवं तिथे प्रश्नचिन्हांची रांग. अक्षरं आकड्यांत साठवायची यूटीएफ-८ ही पद्धत, जिच्यात देवनागरीही बसते, जावा १८ पासून मूळ पद्धत झाली, पण आम्ही १७ वर आहोत आणि तिथे विंडोजची जुनी पद्धत धरली जाते. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. मित्रानं मेव्हनला यूटीएफ-८ सांगून पाहिलं, तरी टेस्टनं छापलेल्या ओळी तशाच. कारण टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये चालतात, तिला ते शुअरफायरच्या 'आर्ग-लाइन'मधूनच सांगावं लागतं. दोन्हीकडे सांगितलं आणि रिपोर्टमध्ये मराठी उमटली. इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर बहुधा अक्षर शाबूत असतं, फक्त फॉन्टमध्ये त्याचं चित्र नसतं. प्रश्नचिन्हं छापली गेली असतील तर ते अक्षर वाटेतच गेलेलं असतं, फॉन्ट बदलून ते परत येत नाही.

यंदा पहिल्या वेचणीच्या वेळी नियम थोडा बदलला, म्हणून कपातीच्या कोडला पुन्हा हात लावावा लागला. मी जिनिंगच्या आवारातच होतो, बैलबंड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे. फोनवर लाल खूण आली. झिप उतरवली, मजकुराची फाइल उघडली. एक टेस्ट पडली होती, अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा एकाखाली एक. मित्राला फोन करून सांगितलं, त्यानं दुरुस्त केलं, आणि तोवर काट्यावर जुनीच आवृत्ती चालू ठेवली. रांगेत तेच काकाजी होते. पट्टी छापून आल्यावर त्यांनी ती उन्हात धरली, ओठ हलवत हिशोब केला आणि घडी करून खिशात ठेवली.