स्टंप माइकवरचा छक्का

मी क्रिकेट ब्रॉडकास्टमध्ये साउंडला आहे, स्टंप माइक माझ्याकडे असतात. एका लीगची मॅच, कुठली ते विचारू नका. चौदावी ओव्हर, बॅट्समनने तिसरा बॉल सोडला आणि कीपर मागून हसत म्हणाला, "अजून लग्न नाही केलंस ना? छक्का आहेस का रे?" माझ्या शेजारचा फिस्सकन हसला, मीपण हसलो, खोटं कशाला बोलू, आणि हसता हसताच फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला. प्लेयरला वाचवायची सवयच लागलेली असते आम्हाला. पण उशीर झाला होता, कॉमेंटेटरच्या बोलण्याखाली बाकी सगळं दबलं आणि नेमका "छक्का" तेवढा निसटला.

मॅचनंतर मला मॅच रेफरीच्या रूमवर बोलावलं. बॅट्समनने तक्रार केली होती आणि कीपरचं म्हणणं, मी सिक्सबद्दल बोलत होतो, तू छक्का का मारत नाहीस असं. रेफरी परदेशी, त्याने मला विचारलं या शब्दाचा अर्थ सिक्स होतो का? हो म्हटलं, होतो. कीपर माझ्याकडे बघून हलकेच हसला, आपण एकाच बाजूचे असल्यासारखा.

पण त्याला एक माहीत नव्हतं. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर फेडरच्या आधीच रेकॉर्ड होतो, मी आवाज पाडला तरी तिथे सगळं राहतं. ते लावलं, आणि लग्नापासूनचं एकेक वाक्य कीपरसमोर इंग्लिशमध्ये सांगायला लागलं, माझेच कान तापले.

२०१९ च्या सेंट लुसिया टेस्टमध्ये उलटं झालेलं. वेस्ट इंडिजचा बोलर शॅनन गॅब्रिएल काय बोलला ते माइकवर आलंच नाही, आलं ते इंग्लंडचा कॅप्टन जो रूटचं उत्तर, की हे शिवी म्हणून वापरू नकोस, गे असण्यात काही वाईट नाही. गॅब्रिएलवर चार वनडेंची बंदी आली. आमच्या ट्रॅकवर उत्तर नव्हतंच. कीपरचं वाक्य संपल्यावर फक्त बॅट्समनच्या ग्लोव्हचा वेल्क्रो उघडल्याचा आणि परत लावल्याचा आवाज, दोनदा. तो मी रेफरीच्या रूममध्ये पहिल्यांदा नीट ऐकला. मॅच चालू असताना आम्ही हसत होतो ना.

कीपरची मॅच फी कापली. क्लिप सेव्ह करताना असिस्टंटने फाइलला नाव दिलं होतं "छक्का". ते खोडून मी "ओव्हर १४ बॉल ३" केलं.