टाकीभर नर्मदा आणि शहराचे कर्जरोखे

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी दिवसाआड पहाटे नळ येतो, आणि आजही घरात ‘पाणी आले’ असे कोणी म्हणत नाही. ‘नर्मदा आली’ असेच म्हणतात. १९७० च्या जुलै-ऑगस्टमध्ये, नर्मदेचे पाणी इंदूरला मिळावे म्हणून शहर रस्त्यावर उतरले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वडील संध्याकाळी सभेहून परतले की आजी त्यांना दारातच विचारायची, ‘काय रे, देणार का पाणी?’ पाणी मंजूर झाले आणि १९७८ मध्ये ते प्रत्यक्ष शहरात पोहोचले. मात्र त्या पाण्याला रोज लागणाऱ्या विजेचा विचार आमच्या घरात पुढची चाळीस वर्षे कोणी केला नाही. माझ्याही मनात तो आला तो २०२३ च्या फेब्रुवारीत, नगर निगमाने या पाण्याच्या पंपांसाठी सौर वीज उभारायला हरित कर्जरोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी व्याजाने घ्यायच्या कर्जाचे रोखे, काढले तेव्हा.

नर्मदा इंदूरच्या जवळून वाहत नाही. खरगोन जिल्ह्यात मंडलेश्वरजवळ जलूद येथे पाणी उचलतात, शुद्ध करतात आणि सुमारे सत्तर किलोमीटर लांबीच्या जलवाहिन्यांतून शहराकडे पाठवतात. मंडलेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटरवर आहे, तर इंदूर साडेपाचशेच्या आसपास, आणि मध्ये विंध्याचा घाट. पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने घाटमाथ्यावरच्या वांचू पॉइंटपर्यंत चढवावे लागते; तिथून पुढे ते उताराने शहराकडे येते. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर वर न्यायला, पंपात आणि नळात काहीही वाया जात नाही असे गृहीत धरले, तरी जवळजवळ १.१ युनिट वीज लागते. प्रत्यक्षातली घट धरली की हा आकडा दीड युनिटच्या पुढे जातो. म्हणजे माझ्या गच्चीवरची एक टाकी भरते तेव्हा कुठल्यातरी औष्णिक केंद्रात त्यापायी किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. संपूर्ण शहराच्या पाण्यासाठी लागणाऱ्या विजेचे बिल महिन्याला सुमारे २५ कोटी रुपये येते.

मी बँकेच्या कर्ज विभागात पस्तीस वर्षे काढली. कर्जाचा अर्ज समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला असे: परतफेड कुठून होणार? हवामानबदलाविषयी शहरांचे आराखडे वाचताना मला हाच प्रश्न पडतो, आणि बहुतेक आराखड्यांत त्याचे उत्तर सापडत नाही. उद्दिष्टे मोठी असतात, छायाचित्रे सुंदर असतात, पण कोणत्या वर्षी, कोणत्या लेखाशीर्षातून, किती रुपये खर्च होणार, हे रकाने रिकामे राहतात. इंदूरच्या कर्जरोख्यांनी मला आकर्षित केले ते याच कारणाने. येथे काम एकच होते, जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर ऊर्जा प्रकल्प उभारणे, आणि त्यामागचा हिशेब विजेच्या बिलाइतका सरळ होता.

एकूण २४४ कोटी रुपयांचे हे रोखे सामान्य नागरिकांसाठी खुले होते आणि त्यांवर वार्षिक ८.२५ टक्के व्याज सहामाहीने द्यायचे होते. मुद्दल एकदम परत न करता तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी चार समान भागांत द्यायचे, अशी रचना केली होती. मागणी या रकमेपेक्षा कितीतरी अधिक आली. मी दहा हजारांचे रोखे घेतले. पहिल्या तीन वर्षांसाठी त्यांचे ४१२ रुपये ५० पैसे दर सहा महिन्यांनी खात्यात जमा होतात, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत लाखोंचे आकडे पाहूनही ही नोंद मी पासबुकात बोट ठेवून वाचतो, कारण माझ्या शहराला मी उसने दिलेले हे पहिले पैसे आहेत.

आता आकडे जुळवून पाहू. एक मेगावॉट सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज देतो. त्या हिशेबाने ६० मेगावॉटचे ९ कोटी युनिट होतात. युनिटमागे सहा रुपये धरले, तर ५४ कोटींची वीज झाली. व्याज पहिल्या तीन वर्षांत वर्षाला सुमारे २० कोटी. सुटे भाग, देखभाल, वीज वाहून नेण्याचा आकार वजा केला तरी हे कर्ज स्वतःच्या कमाईवर उभे राहते, आणि वर्षाला साठ हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड टळतो. शिवाय मालमत्ता करासारखे निगमाचे स्वतःचे उत्पन्न आधी वेगळ्या खात्यात जाऊन त्यातून रोखेधारकांचे देणे बाजूला काढले जाते, त्यामुळे कर वेळेवर भरणारा नागरिक आणि रोखे घेणारा नागरिक यांचे हित एकाच खात्याशी बांधले जाते. मध्य प्रदेशात १९७६ मध्ये चुंगी, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरची जकात, रद्द झाल्यापासून आपल्या नगर निगमांना तिच्या भरपाईच्या रकमेसाठी भोपाळकडे डोळे लावून बसावे लागते. अशा स्थितीत एखाद्या शहराने स्वतःची पत वापरून बाजारातून पैसा उभा करणे ही लहान गोष्ट नाही. वडोदऱ्यानेही २०२४ मध्ये १०० कोटींचे हरित रोखे काढले.

तरीही त्याच कागदावर मी दुसरी एक वजाबाकी केली आणि अस्वस्थ झालो. महिन्याला २५ कोटी म्हणजे वर्षाला ३०० कोटी. नऊ वर्षांसाठी काढलेले सगळे कर्ज हे पाणी वर चढवण्याच्या एका वर्षाच्या खर्चापेक्षाही कमी आहे. सौर प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तरी बिलाचा मोठा भाग तसाच उरतो. मग उरलेल्यासाठी आणखी पॅनेल लावायची का? मला वाटते, त्याआधी पाण्याकडे पाहायला हवे. घाट चढून आलेले पाणी वाटेत झिरपले, फुटक्या नळातून रस्त्यावर गेले किंवा टाकीवरून वाहून गेले, की त्याच्यासोबत त्याला वर आणणारी वीजही वाहून जाते, मग ती कोळशाची असो वा सूर्याची.

हे मी माझ्याच गल्लीत मोजून पाहिले. समोरच्या घरची टाकी नळाच्या प्रत्येक पाळीला भरून वाहते, आणि ते पाणी गच्चीच्या पन्हाळीतून खाली फरशीवर पडत राहते. एका पहाटे पंधरा लिटरची बादली घेऊन मी पन्हाळीखाली उभा राहिलो. बादली भरायला पन्नास सेकंद लागले आणि धार चाळीस मिनिटे सुरू होती. म्हणजे सातशे लिटर पाणी, आणि त्यापाठोपाठ एक युनिटभर वीज. फरशीवरून ते पाणी पारिजातकाच्या आळ्यात, तिथून गटारात गेले. सकाळी मी त्या घरच्या काकूंना सांगितले तेव्हा त्या खरोखर चकित झाल्या. ‘भाऊ, मला वाटायचं झाडाला पाणी मिळतंय, चांगलंच आहे की,’ असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावून आम्ही त्यांच्या टाकीला, ती भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक बसवून घेतला. खर्च काही शे रुपये. गल्लीतल्या आणखी पाच टाक्यांना तो नव्हता, त्यांपैकी तीन टाक्यांना आता आहे.

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या गल्लीत कोणाच्याही नळाला मीटर नाही. ठराविक जलकर भरला की कितीही वापरा. ज्याचे मोजमापच होत नाही ते वाचवावे असे कोणाला का वाटेल? म्हणून हवामानासाठीचा पुढचा निधी प्रत्येक नळावरचे मीटर, गळती शोधणारी पथके आणि जुन्या वाहिन्या बदलणे यांवर खर्च व्हावा, असे माझे मत आहे. या कामाचे छायाचित्र निघत नाही, उद्घाटनही होत नाही, आणि मला भीती वाटते की म्हणूनच ते मागे राहते. १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि सर्वांना त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्या रोपांना पुढचे तीन उन्हाळे पाणी घालण्याची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने दिसायला हवी.

दुसरी बाजू स्थानिक पाण्याची. होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला यशवंत सागर आणि बिलावलीचा तलाव आजही शहराला थोडे पाणी देतात, आणि त्यासाठी विंध्य चढावा लागत नाही. यशवंत सागर आणि सिरपूर या दोन्ही जलाशयांना २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरलाही पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. या तलावांकडे आपण पक्षी पाहायला जातो, पण निगमाच्या वीज बिलाच्या नजरेनेही त्यांच्याकडे पाहायला हवे. त्यांच्या पाणलोटातल्या प्रत्येक नाल्यावर होणारे अतिक्रमण रोखणे म्हणजे जलूदच्या पंपांवरचा भार थोडा हलका करणे आहे. घराघरांतल्या छपरांचे पाणी कूपनलिकेत उतरवण्याविषयीही हेच म्हणता येईल.

हे जमेल असे मी म्हणतो, कारण इंदूरने कचऱ्यात ते करून दाखवले आहे. देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला प्रकल्प दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ हजार किलो सीएनजी तयार करण्याच्या क्षमतेचा आहे, आणि शहरातल्या बसगाड्या त्यावर धावतात. पण त्याचा पाया यंत्राने घातलेला नाही, तर लाखो स्वयंपाकघरांत भाजीची देठे वेगळ्या डब्यात टाकणाऱ्या हातांनी घातला आहे. कचऱ्याची गाडी दारात आल्यावर डबा तपासणारी ताई जशी रोज येते, तशी पाण्याच्या मीटरची नोंद घेणारी व्यक्ती महिन्यातून एकदा जरी आली, तरी आमच्या गल्लीतले उरलेले दोन बॉलकॉक आठवडाभरात बसतील.

यासाठी मी पार्षदांना, म्हणजे आमच्या नगरसेवकांना, पत्र लिहिले आहे. त्यात दोनच मागण्या आहेत: आमच्या वॉर्डात प्रायोगिक तत्त्वावर सर्व नळांना मीटर बसवावेत, आणि जलूद प्रकल्पात महिन्याला किती युनिट वीज तयार झाली व वीज बिल किती कमी झाले, हे दोन आकडे झोन कार्यालयाच्या फलकावर दर महिन्याला लावावेत. पत्राला मी बादलीचा हिशेब जोडला आहे आणि गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या घेतल्या आहेत. पहिली सही समोरच्या काकूंची आहे.